जठर काढल्यावर काय खायचं, आणि कोणाचा अनुभव ऐकायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांचं वय 64. जठराच्या कर्करोगासाठी दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, जठराचा बराचसा भाग काढला. आता घरी आहेत, पण खाल्ल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत छातीत धडधडतं, घाम सुटतो, पोटात मुरडा येऊन पातळ होतं. कधी कधी दोन तासांनी परत हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वजन 62 किलोवरून 54 वर आलंय. वॉर्डात ओळख झालेल्या मंडळींना विचारलं तर एक काका म्हणाले, "मी पंधराव्या दिवशी भाकरी-मटण खाल्लं, काही झालं नाही." एक आजी म्हणाल्या, "गूळ घालून नाचणीची खीर द्या, अंगात ताकद येते." तिसऱ्यांनी सांगितलं, "जेवताना ताक, पाणी भरपूर द्या, पोट साफ राहतं." सूनबाई विचारतात, यातलं कोणाचं ऐकायचं? आणि मामांना तांबडा रस्सा परत कधी खाता येईल?

ताई, मी पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते. त्या बाहेरच्या बाकड्यावर रोज हेच चालतं. आणि माझं मत सांगायचं तर तिघंही खरं बोलतायत. फक्त त्यांचं पोट मामांचं नाही. काकांना एकदा विचारून बघा, तुमचं नक्की काय काढलं होतं? पंधराव्या दिवशी मटण पचलं म्हणतात, म्हणजे बहुधा पित्ताशय असणार. 'कोणाला वांगी वातूळ, कोणाला पथ्यकर' ही म्हण आपण सहज वापरतो, पण पोटाच्या ऑपरेशननंतर ती अक्षरशः खरी असते. कोणता भाग काढला, राहिलेलं कसं जोडलं आणि किती दिवस झाले, हे कळल्याशिवाय दुसऱ्याच्या पथ्याला काही अर्थ नाही.

पित्ताशयाचं आधी उरकते, कारण सर्वांत जास्त ऐकीव सल्ले तिथलेच असतात. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते भारतातलं पहिलं. आता ते तालुक्याच्या गावी सुद्धा होतं आणि पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो. पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. ती गेली तरी पित्त आतड्यात उतरतच राहतं. त्यामुळे काही आठवडे तळकट जरा बेतानं खाल्लं की बहुतेकांचं जेवण पूर्वीसारखं होतं, थोड्यांना पातळ शौचाचा त्रास राहतो. त्यांचा अनुभव मामांच्या कामाचा नाही.

मोठ्या आतड्याचा तुकडा काढलेल्यांचं दुखणं वेगळं. सुरुवातीला वारंवार जावं लागतं, मग हळूहळू बसतं. ताकवाल्या तिसऱ्या गृहस्थांचं असंच काहीतरी असावं. आणि ज्यांना लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावलेली असते, त्यांना तर 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला बाधतो, हे कोणालाच खरं वाटत नाही. मिठाशिवायचं पाणी, चहा, नारळपाणी लिटरच्या लिटर प्यायलं की ते आतड्यातलं मीठ ओढून घेऊन पिशवीत येतं. पेशंट पीत राहतो आणि सुकत जातो. तिथं लागतं मीठ-साखरेचं योग्य मापातलं पाणी, म्हणजे ओआरएस. 1971 च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या पेशंटना जे पाजलं, त्यामागचंही तत्त्व हेच. ग्लुकोज आणि मीठ एकत्र गेलं की आतडं पाणी शोषतं. पिशवी दिवसाला दीड लिटरच्या वर भरायला लागली तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

अनुभव किती जुना आहे तेही बघा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले आजोबा सांगतात, "मला आठ दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता." खरं आहे, तेव्हा वात सरेपर्यंत तोंडाला काही लावायचं नाही असाच दंडक होता. पुढे डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात दाखवायला सुरुवात केली की पेशंटला लवकर उठवलं, लवकर प्यायला-खायला दिलं तर तो लवकर सावरतो. आता बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी घोट घोट पाणी सुरू होतं, काही सर्जन चघळायला च्युइंगगम सुद्धा देतात. आतडं जागं व्हायला त्याची मदत होते. तुमच्या सर्जननी लवकर खायला दिलं असेल तर त्यांनी घाई केली असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता मामांकडे येते. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर 'सबटोटल' किंवा 'डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी' असेल तर खालचा मोठा भाग काढलाय, 'टोटल' असेल तर पूर्ण जठर. पुढे जोडणीचं नाव असेल, 'बिलरॉथ' किंवा 'रू-एन-वाय'. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरॉथ यांनी 29 जानेवारी 1881 रोजी जठराचा कर्करोगाचा भाग काढून उरलेलं यशस्वीपणे जोडलं, आणि सेझार रू हे लोझानचे सर्जन. त्यांची नावं आजही आपल्याकडच्या कार्डावर येतात. बाकड्यावर कोणाशी बोलायचं असेल तर कार्डावर हेच शब्द असलेला माणूस शोधा.

जठर अन्न घुसळतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. उसाला पाणी देताना पाटाचं दार थोडं थोडं उघडतात ना, तसं जठराच्या खालच्या टोकाचं दार घोटाघोटानं अन्न आतड्यात सोडतं. मामांचं ते दारच गेलंय. जे खाल्लं ते एकदम आतड्यात उतरतं. त्यात साखर असेल तर ती पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात धावतं, आतडं फुगतं, आतड्यातली संप्रेरकं उसळतात, रक्तदाब उतरतो, काळीज धडधडतं, मुरडा येतो. याला 'डंपिंग' म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटांनी होतं ते हे. मामांचं वर्णन अगदी तसं आहे. तरी छातीत धडधडतंय म्हटल्यावर एकदा ईसीजी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. 64 वयाच्या माणसाच्या बाबतीत सगळं पोटावर ढकलून चालत नाही.

दोन तासांनी जी थरथर आणि अंधारी येते, ती याच घटनेचं दुसरं टोक. साखर एकदम रक्तात चढली, शरीरानं घाबरून जास्त इन्सुलिन सोडलं आणि मग साखर गरजेपेक्षा खाली आली. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्या क्षणी बोट टोचून बघा. 70 च्या खाली असेल तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, आणि बरं वाटलं की दहा-पंधरा मिनिटांत मूठभर फुटाणे किंवा उकडलेलं अंडं. नुसत्या साखरेवर सोडलं तर तेच चक्र पुन्हा फिरतं. मामांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर तो डोस ऑपरेशनच्या आधीचा आहे का, हे आजच डॉक्टरांना विचारा. जेवण अर्ध्यावर आलं आणि डोस तोच राहिला, असं पुष्कळदा होतं.

म्हणजे आजीबाईंची नाचणीची खीर मामांना का सोसत नाही ते कळलं असेल. नाचणी चांगलीच आहे, दोष गुळाचा आणि पातळपणाचा. गूळ काय, मध काय, साखर काय, आतड्याला सगळं सारखंच. नाचणीची मिठाची आंबील घट्टसर करून, ताक अगदी बेतानं घालून, छोट्या वाटीनं देऊन बघा.

असे पेशंट घरी गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी येतात तेव्हा मी सकाळच्या नाश्त्याचं विचारते. उत्तर ठरलेलं असतं. कपभर गोड चहा, त्यात बुडवून चार-पाच बिस्किटं, वर 'अशक्तपणा आहे म्हणून' कोणीतरी आणून दिलेली चॉकलेटची पावडर घातलेलं ग्लासभर दूध. घरच्यांनी मायेनं केलेलं असतं सगळं. पण जठर नसलेल्या माणसाला धडधड आणायची ठरवली तर याहून चांगला बेत सापडणार नाही. तीन पदार्थ, तिन्ही गोड, तिन्ही पातळ, आणि एकाच वेळी. शिवाय जठर काढल्यावर दूध बऱ्याच जणांना सोसत नाही, पोट गुरगुरतं. दही बहुधा चालतं, पनीरही चालतं.

त्याऐवजी मामांची सकाळ अशी करा. उठल्यावर चूळ भरून अर्धा कप चहा, साखरेशिवाय किंवा अगदी नावाला. मग अर्धा-पाऊण तास काहीच नाही. त्यानंतर मुगाच्या डाळीचं एक छोटं धिरडं आणि एक उकडलेलं अंडं. आधी अंडं, मग धिरडं. बस्स. सोबत पाणी ठेवूच नका, नाहीतर सवयीनं हात तांब्याकडे जातो. पाणी अर्ध्या तासानं, घोट घोट. दिवसभरात पाणी पुरेसं जायलाच हवं, फक्त ते दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत. जेवताना प्यायलेलं पाणी अन्नाला ढकलत खाली नेतं.

आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की पेज. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ती ठीक. दोन महिन्यांनंतर पातळ पेजेपेक्षा आसट भात बरा, आणि नुसत्या आसट भातापेक्षा त्यावर घट्ट वरण नि चमचाभर तूप बरं. पिठलं चालतं. भाकरी चालते, पण वरणात कुस्करून आणि घास तोंडात पार लगदा होईपर्यंत चावून. घुसळायचं काम आता दातांचं आहे, म्हणून कवळी सैल झाली असेल तर ती आधी दुरुस्त करा. वजन घटलं की हिरड्याही बसतात आणि कवळी हलायला लागते. याकडे घरात कोणाचं लक्ष जात नाही.

मापाचं म्हणाल तर दिवसातून सहा ते आठ वेळा, प्रत्येक वेळी आमटीची एक छोटी वाटी भरेल एवढंच. 54 किलोच्या माणसाला सावरण्याच्या काळात दिवसाला साधारण 65 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शिजवलेल्या 100 ग्रॅम चिकनमध्ये पंचविसाच्या आसपास. हिशेब केलात तर लक्षात येईल की वरण-भातावर हे जमत नाही. म्हणून प्रत्येक खाण्यात अंडं, मासा, चिकन, पनीर, दही, डाळ, शेंगदाण्याचं बारीक कूट यातलं काहीतरी हवंच, आणि ते पहिल्या घासाला. पोट लवकर गच्च होतं. आधी भात खाल्ला तर अंड्याला जागा उरत नाही.

काही गोष्टी जपून. संत्र्या-मोसंबीच्या फोडीचा पांढरा चोथा, शेवग्याच्या शेंगेचे धागे, मक्याचे दाणे, सुकं खोबरं. जठर नसताना असले तंतू न दळता पुढे जातात आणि त्यांचा गोळा होऊन अडकू शकतो. संत्रं द्यायचं तर फोड सोलून आतला गर द्या. रस नको, रसात नुसती साखर राहते.

आणि उपवास. मामा एकादशी-शनिवार करत असतील तर देवाला हात जोडून सांगा की सध्या जमणार नाही. दिवसभर रिकामं पोट आणि मग एकदम साबुदाण्याची खिचडी, हे दोन्ही त्यांच्यासाठी वाईट.

एवढं केल्यावर डंपिंग बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं आणि पुढच्या महिन्यांत आणखी बसतं. तोवर खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटं मागे टेकून बसू द्या, धडधडलं तर आडवं होऊ द्या. पण आंबट-कडू पाणी घशाशी येत असेल तर सपाट झोपवू नका, उशीला पाठ टेकून अर्धवट बसवा. पथ्य नीट पाळूनही त्रास तसाच राहिला तर औषधं आहेत, तेव्हा 'सोसायचंच' असं धरून बसू नका. शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं असेल तर तेही सर्जनना सांगा, स्वादुपिंडाच्या पाचकरसाच्या कॅप्सूल देता येतात.

वजनाचं काय? या ऑपरेशननंतर 10 ते 15 टक्के वजन उतरणं नेहमीचं आहे. मामांचं 13 टक्क्यांच्या आसपास उतरलंय, पण ते दोनच महिन्यांत. आता ते थांबवायला हवं. आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर बघा. रोज बघितलंत तर घरात रोज सुतक. आणि भेटायला येणाऱ्यांनी दारातूनच "अगंबाई, किती वाळलात हो!" म्हणणं बंद करा, ते माणसाची भूक मारतं. तसाच आग्रह. "माझ्यासाठी एक घास" म्हणून वाढलेला तो एक घास या पोटाला नेमका जास्त होतो आणि पुढचे दोन तास त्यांचे वाईट जातात. मग माणूस खायलाच घाबरतो. वजन उतरण्याचं हे कारण मला डंपिंगइतकंच मोठं वाटतं.

एक गोष्ट आता जाणवणार नाही पण विसरायची नाही: बी-12. हे जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो. बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस तो शोधला, आणि शोधला कसा, तर स्वतः मांस खाऊन, ते थोड्या वेळानं बाहेर काढून, पंडुरोगाच्या पेशंटना नळीनं देऊन! त्यांचं रक्त सुधारलं. नुसतं मांस दिलं तर सुधारत नव्हतं. यकृतात बी-12 चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि पुढे कधीतरी पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो. तोवर ऑपरेशनशी त्याचा संबंध कोणाला आठवत नाही. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-12 जन्मभर घ्यायचं, इंजेक्शननं किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या जास्त मात्रेच्या गोळीनं. काही भाग राहिला असेल तर तपासणी करत राहायचं. शाकाहारी घरात साठा मुळात कमी असतो, तिथं आणखी जपायचं. लोहही कमी पडतं. गोळी चहासोबत नको, लिंबाच्या थेंबांसोबत चालेल. कॅल्शियम घ्यायचं झालं तर सायट्रेट प्रकारचं मागा, ते आम्लाशिवायही शोषलं जातं. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद, तंबाखू-मशेरी बंद. पोटात आतडं जोडलंय त्या जागी त्यांनी जखम होते.

या पुढच्या गोष्टी झाल्या तर मात्र बाकड्यावर कोणाला विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा: उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलंय आणि वात-शौच दोन्ही बंद, काळी डांबरासारखी शौच, ताप येऊन पोटात दुखणं, घास छातीत अडकल्यासारखा होऊन पाणीही न जाणं, किंवा पोटरी सुजून दुखणं.

इतर पेशंटकडून शिकण्यासारखं खूप असतं, पण ते युक्त्यांच्या बाबतीत. आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर यायचे, जठर पूर्ण काढलेलं. शर्टाच्या खिशात एका बाजूला फुटाण्याची स्टीलची डबी, दुसऱ्या बाजूला घड्याळाचा गजर लावलेला साधा मोबाइल. भूक लागायची वाट बघायचीच नाही, गजर झाला की खायचं, कारण या ऑपरेशननंतर भूकच नीट लागत नाही. लग्नाच्या पंगतीत ते घरून खाऊन जायचे आणि पानावर बसून फक्त भाजी-कोशिंबीर चिवडायचे, म्हणजे वाढणारेही खूश. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. मामांना भेटवायचं तर असा माणूस गाठा.

तांबड्या रश्श्याचं. तिखट जठर काढल्यामुळे वर्ज्य होत नाही, पण आत्ता नको. धडधड आणि मुरडा आटोक्यात आला की आधी अळणी मटणाचं मऊ शिजलेलं, बारीक केलेलं मांस दोन-तीन चमचे. ते आठवडाभर सोसलं की खिमा, कमी तिखटाचा, वरचा तवंग काढून. रस्सा जेवणात ओरपायचा नाही, खाण्याच्या अर्ध्या तासानंतर छोट्या वाटीत घेऊन चमच्यानं. हाडावरचं चिवट मांस आणि चरबीचा तुकडा बराच काळ बाजूला. तोवर वहीत रोज चार रकाने भरत राहा: किती वाजता, काय, किती, आणि नंतर काय झालं. पुढच्या तपासणीला येताना ती वही आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही बरोबर आणा.